आफ्रिकेतल्या कुंभारीण माश्या: वर्गीकरण, वैविध्य आणि ओळखण्याची रीत

प्रश्न असा आहे: केनियातल्या एका घराच्या व्हरांड्यात मोठी काळी गांधीलमाशी मातीचं घर बांधते आहे, तिच्या पोटाचं टोक नारिंगी आहे. ती कुंभारीण (एकट्याने घर करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या गटातली) आहे का, असली तर कोणती, आणि आफ्रिकेतल्या या माश्यांचं वर्गीकरण नेमकं कसं लावतात?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देता येतं. बसलेल्या माशीचे पंख लांबीच्या दिशेने दुमडलेले दिसत असतील, छाती आणि पोट यांच्यामध्ये लांब देठ नसेल, माशी अडीच-तीन सेंटिमीटरची असेल आणि घर उघड्या भिंतीवर असेल, तर ती सिनॅग्रिस नावाची कुंभारीण असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. पण हे मी घर आणि बांधा पाहून म्हणतो आहे, रंग पाहून नाही. काळं अंग आणि नारिंगी टोक हा पोशाख आफ्रिकेत कितीतरी जणींचा आहे. सिनॅग्रिसच्या अनेक जातींत तो दिसतो, तसाच ऱ्हिंकियम आणि अँटेऱ्हिंकियम या दुसऱ्या कुंभारिणींमध्येही दिसतो. डंख असलेल्या माश्या एकमेकींसारख्या दिसल्या की पक्षी आणि सरडे एकदा धडा शिकले की सगळ्यांनाच टाळतात, म्हणून हे रंगसाम्य टिकून राहतं. ऱ्हिंकियम उघड्यावर मातीचं घर बांधत नाही, ती तयार भोकात राहते. त्यामुळे व्हरांड्यातलं घर हा इथे रंगापेक्षा कितीतरी मोठा पुरावा आहे.

शब्दांबद्दल आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मराठीत सध्या ‘प्रजाती’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो. इथे डेल्टा, युमेनिस, सिनॅग्रिस या वरच्या नावांना मी प्रजाती म्हणतो आणि तिच्या आतल्या एकेका घटकाला जाती म्हणतो, उदाहरणार्थ सिनॅग्रिस कॉर्न्युटा.

आता चौकट. कुंभारिणी हायमेनॉप्टेरा गणातल्या व्हेस्पिडी कुलात येतात. जुन्या ग्रंथांत त्यांना युमेनिडी नावाचं स्वतंत्र कुल दिलेलं असे. बिंगहॅम यांनी 1897 साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवर जो खंड लिहिला, त्यातही हीच मांडणी आहे. 1982 मध्ये जेम्स कार्पेंटर यांनी शरीररचनेच्या आधारे व्हेस्पिडी हे एकच कुल आणि त्यात सहा उपकुलं अशी व्यवस्था मांडली आणि ती जगभर रुजली. या सहांपैकी सहाराच्या दक्षिणेला तीन खऱ्या अर्थाने नांदतात: फुलांचे पराग पिल्लांना भरवणाऱ्या मसारिनी, कागदी पोळी बांधून समूहाने राहणाऱ्या पोलिस्टिनी, आणि युमेनिनी, म्हणजे आपल्या कुंभारिणी. व्हेस्पिनी उपकुल तिथे मूळचं जवळपास नाहीच. दक्षिण आफ्रिकेत केप भागात दिसणारी पिवळी-काळी जर्मन गांधीलमाशी बाहेरून आलेली आहे.

युमेनिनीच्या जगभरात साडेतीन हजारांहून अधिक जाती आणि सुमारे 200 प्रजाती आहेत. व्हेस्पिडीतलं हे सगळ्यांत मोठं उपकुल. मात्र ‘कुंभारीण’ या नावामुळे सगळ्या मडकी घडवतात असा समज होतो, तो चुकीचा आहे. मोकळ्यावर मडकं घडवणाऱ्या जाती एकूण संख्येत अल्पमतात आहेत. बाकीच्या जमीन खणतात किंवा दुसऱ्याने केलेल्या भोकात राहतात.

ही चौकट सध्या हलते आहे, आणि आफ्रिकेच्या बाबतीत ते महत्त्वाचं आहे. 2014 मध्ये हर्मेस, मेलो आणि कार्पेंटर यांनी युमेनिनीच्या आत तीन जमाती (उपकुल आणि प्रजाती यांच्या मधली पायरी) मांडल्या: झेथिनाय, ओडिनेरिनाय आणि युमेनिनाय. लांब देठाच्या युमेनिस-डेल्टा गटाला युमेनिनाय, बहुसंख्य बिनदेठाच्या माश्यांना ओडिनेरिनाय, आणि झेथस व तिच्या नातलगांना झेथिनाय. त्यानंतर 2017 आणि 2018 मध्ये मोठ्या प्रमाणावर जनुकीय माहिती वापरून केलेले अभ्यास आले. त्यांत असं दिसलं की झेथसचा गट इतर कुंभारिणींपेक्षा समूहाने राहणाऱ्या पोलिस्टिनी-व्हेस्पिनींना जवळचा आहे. म्हणजे जुनं युमेनिनी हे एका पूर्वजाचं पूर्ण कुटुंब ठरत नाही. म्हणून काही जण झेथिनी आणि ऱ्हाफिग्लॉसिनी ही वेगळी उपकुलं मानतात. संग्रहालयातल्या कप्प्यांवर आणि बहुतेक याद्यांमध्ये अजून जुनं व्यापक युमेनिनी चालू आहे. नमुन्याच्या चिठ्ठीवर उपकुल लिहायचं असेल तर दोन्हींपैकी कोणतीही पद्धत वापरा, पण एका संग्रहात एकच ठेवा. प्रजातीचं नाव बरोबर असलं की पुढचा माणूस ती हव्या त्या उपकुलात बसवू शकतो.

आफ्रिकेच्या प्राण्यांचा विचार करताना सहाराच्या उत्तरेचा पट्टा वेगळा धरावा लागतो. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया इथल्या कुंभारिणींचं नातं भूमध्य समुद्राच्या पलीकडे, युरोप आणि पश्चिम आशियाशी आहे. खरी आफ्रिकी घडण सहाराच्या दक्षिणेला दिसते. मादागास्कर पुन्हा निराळं. कार्पेंटर, योझेफ गुसेनलाइटनर आणि मिशाएल माडल यांनी 2009 आणि 2010 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेली सूची याच हद्दीची आहे: सहाराच्या दक्षिणेचा आफ्रिका, मादागास्कर आणि भोवतालची बेटं वगळून. पहिल्या भागात प्रजाती ओळखण्याची किल्लीही (एकामागून एक प्रश्न विचारत नावापर्यंत नेणारी मांडणी) आहे. या विषयात गंभीरपणे उतरायचं असेल तर ही सूची टाळून चालत नाही, कारण त्याआधीचं साहित्य विलक्षण विखुरलेलं आहे.

ते विखुरलेलं का आहे, हे समजून घेतलं तर नावांचा गोंधळ निम्मा सुटतो. सुरुवातीच्या जाती लिनियसने वर्णिल्या. सिनॅग्रिस कॉर्न्युटा 1758 सालची आहे. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जिनिव्हाच्या आंरी द सोस्यूर यांनी गांधीलमाश्यांवर मोठं काम केलं. बेल्जियन काँगोतल्या माश्यांवर जोसेफ बेकार्ट यांनी 1918 मध्ये विस्ताराने लिहिलं. ते न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या काँगो मोहिमेतल्या नमुन्यांवर आधारलेलं होतं. पुढे व्हेनिसच्या अंतोनिओ जोर्दानी सोइका यांनी कित्येक दशकं आफ्रिकी जातींची वर्णनं केली आणि नंतर लिंझच्या गुसेनलाइटनर यांनी. प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहिलं आणि मूळ नमुने आपापल्या गावी ठेवले. त्यामुळे एका प्रजातीची नीट उजळणी करायची तर जिनिव्हा, व्हेनिस, लिंझ, लंडन, पॅरिस, ब्रसेल्सजवळचं टेर्व्हुरेन आणि न्यूयॉर्क इतक्या ठिकाणचे नमुने पाहावे लागतात. आफ्रिकेतच असलेले महत्त्वाचे संग्रह केप टाउनचं इझिको संग्रहालय आणि मखांडा (पूर्वीचं ग्रॅहम्सटाउन) इथलं अल्बनी संग्रहालय यांत आहेत.

जुन्या नावांचा एक नेहमीचा फास म्हणजे डेल्टा. सोस्यूर यांनी 1855 मध्ये डेल्टा हे नाव दिलं ते युमेनिसच्या आतल्या एका गटाला. ती स्वतंत्र प्रजाती म्हणून खूप नंतर रूढ झाली. म्हणून बिंगहॅम किंवा बेकार्ट यांच्या लिखाणात मोठ्या, लांब देठाच्या सगळ्या माश्या युमेनिस नावाखाली सापडतात. शिवाय प्रजाती बदलली की जातीच्या नावाचं शेपूटही बदलतं: युमेनिस डिमिडियाटिपेनिस ही आता डेल्टा डिमिडियाटिपेने झाली. एखादी नोंद शोधताना दोन्ही शेपटं टाकून शोधा, नाहीतर शंभर वर्षांचं साहित्य हातातून निसटतं. ही विशिष्ट माशी मराठी वाचकाच्या ओळखीची असू शकते. उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे भारतापर्यंत ती पसरलेली आहे.

आता वैविध्याकडे. प्रजातींची नुसती यादी देण्यात अर्थ नाही. घर कसं करतात त्यावरून गट पाडले तर शरीररचनेचाही अंदाज येतो आणि शोधायचं कुठे हेही कळतं.

मोकळ्यावर माती घडवणाऱ्यांत युमेनिस, डेल्टा आणि सिनॅग्रिस येतात. मादी आधी पोटात पाणी भरून आणते, कोरड्या चिकणमातीवर ते ओकते, जबड्याने माती मळून गोळी करते आणि घराच्या जागी नेऊन पातळ पट्टीसारखी पसरते. युमेनिसचं मडकं बहुधा एकटं, गोल आणि आखूड मानेचं, काठ बाहेर वळलेला. डेल्टा अशी अनेक मडकी एकमेकांना लागून बांधते आणि शेवटी सगळ्यांवर मातीचा जाड लेप देते. लेप दिल्यावर भिंतीवर नुसता चिखलाचा ढेकूळ फेकल्यासारखा दिसतो, आतली मडकी कळतच नाहीत. ती मोजायची असतील तर बांधकाम चालू असतानाच रोज एक फोटो काढा.

तयार भोकात राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे: ऱ्हिंकियम, अँटेऱ्हिंकियम, अ‍ॅलोऱ्हिंकियम, अँटोडायनेरस, अँटेपिपोना, अ‍ॅन्सिस्ट्रोसेरस आणि त्यांच्या भोवतालच्या कितीतरी लहान प्रजाती. लाकडातली भुंग्यांची जुनी भोकं, पोकळ देठ, बोरू, भिंतीतल्या खिळ्यांची छिद्रं, काहीही चालतं. आत मातीच्या आडव्या भिंती घालून एकापुढे एक खोल्या करतात. यांतल्या बऱ्याच प्रजाती आफ्रिका आणि दक्षिण आशिया या दोन्हीकडे आहेत, त्यामुळे भारतातल्या अभ्यासकाला आफ्रिकेचा नमुना हाती आला तर प्रजातीपर्यंत तो अगदी परका वाटत नाही. जातीपर्यंत जाताना मात्र भारतीय किल्ली वापरू नये.

जमीन खणणाऱ्यांचं उत्तम उदाहरण दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमधली पॅराकायलस इन्सिग्निस. तिचा अभ्यास फ्रीडरिख आणि सारा गेस या दांपत्याने 1976 मध्ये प्रसिद्ध केला. ती कडक चिकणमातीच्या उघड्या जमिनीत घर करते. एवढी कडक जमीन नुसत्या जबड्याने खणता येत नाही, म्हणून ती पाणी आणून माती भिजवते, गोळ्या काढते आणि त्याच गोळ्यांतून भोकाच्या तोंडाशी मातीची नळी उभी करते. यावरून शोधण्याची जागा ठरते: चिकणमाती आणि पाणी दोन्ही जवळजवळ असलं पाहिजे. वाळूत किंवा पाण्यापासून लांब असल्या माश्या शोधत बसू नका. दक्षिण आफ्रिकेच्या आणि नामिबियाच्या अर्धकोरड्या भागात पावसानंतर डबकी साचतात तेव्हा काठावर पाणी भरायला येणाऱ्या माद्या सहज सापडतात. एखाद्या ठिकाणी किती प्रकार आहेत याचा पहिला अंदाज फुलांपेक्षा पाण्याच्या काठावर लवकर येतो.

झेथस आणि ऱ्हाफिग्लॉसा यांच्याकडे मी मुद्दाम थोडक्यात जातो. झेथस वनस्पतींचे तुकडे आणि चघळलेला पाला वापरते, ऱ्हाफिग्लॉसा गाभ्याच्या मऊ देठात घर करते. दोन्ही आफ्रिकेत आहेत, पण जास्त करून त्या वर्गीकरणाच्या वरच्या वादामुळेच चर्चेत येतात.

सिनॅग्रिसबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण ही प्रजाती फक्त आफ्रिकेतली आहे आणि एकट्या राहणाऱ्या माशीपासून पिल्लांना सांभाळणाऱ्या माशीपर्यंतच्या पायऱ्या एकाच प्रजातीत दाखवणारी आहे. सर्वसाधारण कुंभारीण आधी खोलीत अंडं घालते, ते छताला बारीक धाग्याने लोंबतं. मग पिल्लाच्या खाण्यासाठी डंखाने लुळ्या केलेल्या अळ्या भरते, तोंड बंद करते आणि निघून जाते. पिल्लाची आणि तिची भेट होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काँगोत काम करणाऱ्या एमिल रूबो या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने दाखवलं की सिनॅग्रिस कॅलिडा हीच रीत पाळते. सिनॅग्रिस स्पिनिव्हेंट्रिस अळ्या भरपूर असतील तेव्हा एकदम भरून मोकळी होते, पण टंचाई असली की पिल्लू वाढत असताना थोडं थोडं आणून देते. आणि सिनॅग्रिस कॉर्न्युटा त्याच्याही पुढे जाते. ती अंड्याजवळ थांबते, आणि पिल्लाला अळी जशीच्या तशी न देता चावून, लगदा करून भरवते. समूहाने राहणाऱ्या गांधीलमाश्या नेमकं हेच करतात. वर सांगितलेला जनुकीय निष्कर्ष पाहता सिनॅग्रिस काही त्या समूहवासी माश्यांची पूर्वज नाही. तिने ही वाट स्वतंत्रपणे धरलेली आहे, आणि म्हणूनच तिचा अभ्यास मोलाचा आहे.

कॉर्न्युटाचे नर पाहिले की तिचं नाव (कॉर्न्युटा म्हणजे शिंगं असलेली) लगेच कळतं. जबड्याच्या मुळापासून दोन लांब सुळे पुढे आलेले असतात. मोठ्या नरात ते डोक्यापेक्षाही लांब, लहान नरात नावापुरते. नर मातीच्या घरापाशी पहारा देतो, बाहेर पडणाऱ्या मादीशी मीलन करतो आणि दुसरा नर आला तर या सुळ्यांनी झुंजतो. दुसऱ्या काही जातींत शस्त्र दुसरीकडे असतं: स्पिनिव्हेंट्रिसच्या नराच्या पोटाखालच्या पट्ट्यांवर काटे असतात. वर्गीकरणाच्या दृष्टीने इथे मोठा धोका आहे. एकाच जातीतला सुळेवाला मोठा नर आणि बिनसुळ्यांचा लहान नर शेजारी ठेवले तर दोन जाती वाटतात. म्हणून सुळ्यांच्या लांबीवरून सिनॅग्रिसची जाती ठरवू नये. सुळे कुठून निघतात ते पाहावं, पोटाच्या खालच्या बाजूचा फोटो घ्यावा आणि सोबत तोंडाच्या स्पर्शिकांचे खंड मोजावेत. सोस्यूर यांनी या प्रजातीचे पोटगट पाडताना हेच खंड वापरले होते.

प्रत्यक्ष ओळखताना मी पुढचा क्रम सुचवतो. तो 10 ते 40 पट मोठं दाखवणाऱ्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली करायचा आहे.

पहिला प्रश्न, कुंभारीणच आहे ना? आफ्रिकेत डेल्टाशी सर्वांत जास्त गल्लत होते ती बेलोनोगॅस्टरची. तिलाही लांब देठ, तिचेही पंख दुमडलेले, रंगही तसाच. पण ती कागदी पोळं करणारी, समूहाने राहणारी माशी आहे. फरक नखांत आणि जबड्यात: कुंभारिणीचं पायाचं नख दुभागलेलं किंवा दात असलेलं असतं, बेलोनोगॅस्टरचं साधं. कुंभारिणीचे जबडे लांब, अनेकदा चोचीसारखे पुढे आलेले. बेलोनोगॅस्टरचे आखूड आणि रुंद. नखं पाहायला पाय सरळ करून ठेवावे लागतात, म्हणून टाचणी लावतानाच पायांची टोकं मोकळी ठेवा. दुसरी गल्लत सेलिफ्रॉन या वेगळ्या कुलातल्या माशीची, जिचं मातीचं घर डेल्टाच्या घराशेजारी त्याच भिंतीवर असतं. तिचे पंख दुमडत नाहीत आणि तिच्या घरात कोळी सापडतात, अळ्या नाहीत. फुटलेलं रिकामं घर हाती आलं तरी तळाशी कोळ्यांचे पाय आहेत की अळ्यांच्या डोक्यांची टरफलं, हे भिंगाने पाहिलं की निकाल लागतो.

पुढे नर की मादी. बहुतेक प्रजातींत मादीच्या मिशीला 12 खंड आणि नराच्या 13. युमेनिस-डेल्टा गटात नराच्या मिशीचं टोक आकड्यासारखं वळलेलं असतं. हे आधी ठरवायचं कारण किल्लीतले अनेक प्रश्न एकाच लिंगाला लागू पडतात. मादीवर नराचा प्रश्न लावला की किल्ली शांतपणे चुकीच्या पानावर नेते.

मग पोटाची पहिली पाठपट्टी (वरच्या बाजूची कडक पट्टी) बाजूने पाहा. ती लांब, बारीक देठासारखी आहे का, की घंटेसारखी? देठ असल्यास युमेनिस, डेल्टा, आफ्रियुमेनिस, सिर्टोलाब्युलस, झेथस असा रस्ता. डेल्टा आणि युमेनिस वेगळ्या करताना आकारावर थांबू नका. दुसऱ्या पाठपट्टीची मागची कड, तिथे पातळ झालर आहे की नाही, आणि देठाची ठेवण, ही दोन्ही एकत्र पाहा. देठ नसल्यास पहिल्या पाठपट्टीच्या पुढच्या आणि वरच्या पृष्ठांच्या मध्ये आडवा कंगोरा आहे का ते तपासा. असेल तर अ‍ॅन्सिस्ट्रोसेरस, सबअँसिस्ट्रोसेरस, स्टेनँसिस्ट्रोसेरस, युस्टेनँसिस्ट्रोसेरस या बाजूला. हा कंगोरा धुळीने किंवा दाट ठिपक्यांनी झाकला जातो. मऊ ब्रशने अल्कोहोल लावून पुसल्याशिवाय ‘नाही’ असं लिहू नका.

त्यानंतर पंख. कुंभारिणींत पुढच्या पंखातल्या तीन सबमार्जिनल (पुढच्या कडेजवळच्या) कोष्ठकांपैकी दुसऱ्यात दोन्ही रिकरंट (आडव्या) शिरा येऊन मिळतात. हेच दुसरं कोष्ठक वरच्या बाजूला देठाने जोडलेलं असेल तर अ‍ॅलास्टरचा विचार करा. पंख घडी केलेले राहिले तर हे काहीच दिसत नाही, म्हणून निदान उजवा पंख उघडून वाळवा.

शेवटी छातीचे कंगोरे, पंखाच्या मुळावरच्या टेग्युला नावाच्या टोपीचा आकार आणि प्रोपोडियमचे (छातीच्या मागच्या, पोटाला जोडलेल्या भागाचे) कोपरे. ऱ्हिंकियम, अँटेऱ्हिंकियम आणि अ‍ॅलोऱ्हिंकियम इथेच सुटतात. इथे फोटोवर भागत नाही. एवढ्यासाठीच माझं ठाम मत आहे की मैदानी फोटोवरून आफ्रिकी कुंभारिणीला प्रजातीचं नाव देऊन थांबावं. अपवाद मोजके, जसा कॉर्न्युटाचा सुळेवाला नर. रंगावरून दिलेली जातींची आणि उपजातींची नावं जुन्या साहित्यात खूप आहेत, त्यांतली बरीच एकाच जातीची प्रादेशिक रूपं आहेत, आणि प्रत्येक उजळणीत अशी नावं एकमेकांत विलीन होतात.

फोटोच पाठवायचा असेल तर चार कोन हवेत: वरून, पूर्ण बाजूने (पहिली पाठपट्टी स्पष्ट दिसेल असा), समोरून चेहरा आणि जबडे, आणि घर. मापासाठी शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा.

नमुने गोळा करताना काय बिघडतं तेही सांगतो. सायनाइडच्या बाटलीत माशी जास्त वेळ राहिली की पिवळा रंग लालसर होतो. आधीच रंग फसवा, त्यात हा बदल झाला की जुनी वर्णनं जुळतच नाहीत. एथिल अ‍ॅसिटेट वापरलं तर बाटलीत टिपकागदाच्या पट्ट्या टाका, नाहीतर पंख ओले होऊन चिकटतात. डीएनए तपासायचा असेल तर एथिल अ‍ॅसिटेट टाळा. माशी फ्रीझरमध्ये ठेवून मारा आणि एक मधला पाय 95 टक्के किंवा त्याहून जास्त तीव्रतेच्या इथेनॉलमध्ये ठेवा. टाचणी छातीच्या वरच्या बाजूला मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, म्हणजे मधले कंगोरे आणि डावी बाजू शाबूत राहते. टाचणी लावण्याआधी, अंग मऊ असतानाच, चिमट्याने जबडे उघडून ठेवा आणि नराचं जननांग थोडं बाहेर ओढा. वाळल्यावर हे करायला गेलात तर मान तुटते. आणि हे सगळं करण्याआधी त्या देशाचा संग्रहाचा आणि निर्यातीचा परवाना हवा. दक्षिण आफ्रिकेत तो प्रांताकडून घ्यावा लागतो. परवान्याशिवाय आणलेला नमुना चांगलं संग्रहालय स्वीकारत नाही.

नर आणि मादी एकाच जातीचे आहेत हे सिद्ध करण्याचा सगळ्यांत भरवशाचा मार्ग म्हणजे एकाच घरातून दोघं बाहेर काढणं. आफ्रिकेच्या कितीतरी जातींची आजही फक्त मादी किंवा फक्त नर वर्णिलेला आहे, त्यामुळे अशा जोडीचं मोल एकट्या नमुन्यापेक्षा फार जास्त. भोकात राहणाऱ्यांसाठी 3 ते 10 मिलिमीटर आतला व्यास असलेले, 15 ते 20 सेंटिमीटर लांबीचे बांबूचे किंवा बोरूचे तुकडे घ्या. एक टोक गाठीने बंद हवं. 20-25 तुकड्यांची जुडी बांधून पावसापासून आडोशाला, आडवी लावा. व्यास मिसळलेले ठेवा, कारण प्रत्येक जातीला आपल्या अंगाएवढंच भोक लागतं. मुंग्या चढू नयेत म्हणून टांगायच्या तारेला ग्रीस लावा. तोंड मातीने बंद झालेला तुकडा काढून त्या जागी नवा ठेवा.

भिंतीवरचं घर सोडवताना पाणी मारू नका. माती ढासळते, आत बुरशी धरते. हॅकसॉचं पातळ पातं भिंतीला घासून घराखालून हळूहळू फिरवा. मागची बाजू उघडी पडलीच तर पुठ्ठ्याने झाका, खोल्यांची दिशा पूर्वीसारखीच ठेवा. प्रत्येक घर वेगळ्या डब्यात ठेवा. जाळीचं कापड तोंडाला बांधून भागत नाही, कारण मेलिटोबिया नावाची जेमतेम मिलिमीटरभराची परजीवी माशी त्यातून आरपार जाते आणि एका डब्यातून सगळ्या डब्यांत पसरते. सगळी पिल्लं संपतात. घट्ट बसणारं झाकण लावा आणि दोन-तीन दिवसांनी उघडून हवा द्या. चकचकीत निळी-हिरवी मोठी माशी बाहेर आली तर ती बहुधा स्टिल्बम सायन्युरम असते. ती डेल्टा आणि सेलिफ्रॉन दोन्हींच्या घरांवर वाढते. तिलाही टाचणी लावून त्याच क्रमांकाची चिठ्ठी द्या, यजमान कोण होता हे कळलेला असा नमुना सहसा मिळत नाही.

ओळीने खोल्या असलेल्या तुकड्यातून बहुधा बाहेरच्या बाजूचे नर आधी निघतात, माद्या मागाहून. म्हणून पहिल्या दोन-चार माश्यांवर समाधान मानून तुकडा टाकून देऊ नका. कोरड्या प्रदेशात पूर्ण वाढलेलं पिल्लू कोशात न जाता महिनोन् महिने तसंच पडून राहतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर माशी निघते. डबा हलका वाटला, काहीच हालचाल दिसली नाही, तरी पुढचा पाऊस होईपर्यंत ठेवा. सगळ्या माश्या निघाल्यावर रिकाम्या खोल्यांतली अळ्यांची डोक्याची टरफलं आणि कोशाची कात एका लहान कॅप्सूलमध्ये भरून त्याच टाचणीला लावा. कोणती अळी खाल्ली हे त्यावरून ओळखता येतं. चिठ्ठीवर देश, प्रांत, जवळचं गाव, अक्षांश-रेखांश, उंची, घर उचलल्याची तारीख, माशी निघाल्याची तारीख आणि घर कशावर होतं ते लिहा. दोन तारखा वेगळ्या लिहायला विसरू नका, नाहीतर पुढचा वाचक माशी निघाल्याचा दिवस तिच्या उडण्याचा हंगाम समजून बसतो.

केनियातल्या त्या माशीसाठी आत्ता करता येईल ते एवढंच: बांधकाम संपेपर्यंत घराला हात लावू नका, आणि मादी खोली अळ्यांनी भरून, बंद करून निघून जाते का, की तोंड उघडं ठेवून रोज चावलेला लगदा आणते, हे पाहून लिहून ठेवा. त्यासोबत बाजूने घेतलेला एक स्पष्ट फोटो आणि घरापाशी नर आला तर त्याचा चेहरा मिळाला, तर जातीबद्दल बोलता येईल.